रिटर्नचं बटण

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं होती. सांगलीतल्या एका कॉलेजात मला टेक्निकल असिस्टंटची नोकरी लागली, तेव्हा तिथं कॉम्प्युटर यायचा होता, आला नव्हता. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढं जी फजिती झाली ती सगळी माझी, कॉलेजची नव्हे. मी गणितात बी.एस्सी. झालेला, पलूसकडच्या एका खेड्यातला. कॉम्प्युटर मी फक्त मासिकातल्या फोटोत पाहिला होता. कॉलेजनं मला सहा आठवडे पुण्याला शिकायला पाठवलं. तिथं मी काय शिकलो? चपला बाहेर काढायच्या, खोलीत धूळ येऊ द्यायची नाही, डिस्क दोन्ही हातांनी धरायची आणि शिकवणारा बोलत असताना मान हलवत राहायची. एवढ्या भांडवलावर परत आलो तर गावात मी 'कंप्यूटरवाला' झालो होतो. खरं सांगायचं तर मला ते आवडलंही होतं.

यंत्र जूनमध्ये ट्रकमधून आलं. दोन लोखंडी कपाटांएवढं धूड, आणि त्याला जोडायला टाइपरायटरसारखी दिसणारी चार टर्मिनल्स. टर्मिनलवर आपण बटणं दाबून हुकूम लिहायचा आणि यंत्रानं त्याच कागदावर खडखड करत उत्तर छापायचं. यंत्राच्या खोलीला एअर कंडिशनर बसवला होता. प्राचार्यांच्या खोलीतसुद्धा नुसता पंखा होता, त्यामुळे पहिल्या आठवड्यात सगळ्या विभागांच्या प्राध्यापकांना विज्ञानाची एकदम ओढ लागली. शिपाई मात्र हुशार. तो लष्करात पंधरा वर्षं काढून आलेला गडी होता. दारात स्टूल टाकून बसायचा आणि प्राध्यापकांना विचारायचा, "काम हाय का थंडी खायाची हाय, सायेब?"

यंत्र लावून द्यायला कंपनीचा एक इंजिनिअर आला होता. तिसऱ्या दिवशी त्यानं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, ऑपरेटिंग सिस्टीम कुठली टाकू? मी मान हलवली. तो म्हणाला, मान हलवून चालणार नाही, एक सांगा.

मग त्यानं समजावलं, आणि ते मला पहिल्यांदाच नीट समजलं. यंत्र म्हणजे ऊसतोडीची टोळी धरा, तर ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे तिचा मुकादम. टोळीनं कुणाच्या फडात जायचं, किती वेळ थांबायचं, हे तो ठरवणार. (टोळी-मुकादम माझं; इंजिनिअरनं बिचाऱ्यानं आगगाडी आणि स्टेशनमास्तर सांगितला होता.) आमच्या यंत्रासाठी असे दोन मुकादम मिळत होते. एक एकट्याचा. यंत्रावर एका वेळी एकच माणूस बसणार, आणि तो उठेपर्यंत सगळं यंत्र त्याचं. दुसरा चौघांचा. चारही टर्मिनल्स एकदम चालू, आणि यंत्र क्षणभर ह्याचं काम करणार, क्षणभर त्याचं, असं फिरत राहणार. कॉलेजनं पैसे एकाच सिस्टीमचे भरले होते आणि डिस्कही एकच होती. सोमवारी सकाळी इंजिनिअर एक टाकणार आणि दुसरी बॅगेत घालून निघून जाणार.

विभागप्रमुखांकडे गेलो. ते म्हणाले, "ट्रेनिंग कुणी घेतलंय? तुम्ही का मी?" विषय संपला.

त्याच संध्याकाळी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या बाई मला जिन्यात भेटल्या. त्यांना सगळं कॉलेज नुसतं 'बाई' म्हणायचं, कारण शिकवणाऱ्यांत तेवढ्या एकच बाई होत्या. चाळिशीच्या, शिडशिडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. घर साताऱ्याला, दोन मुलं आणि सासूबाई तिथं. बाई स्वतः आठवडाभर सांगलीत एका खोलीत राहायच्या आणि शनिवारी दुपारची एस.टी. धरायच्या. पूर आल्यावर पुलाच्या कमानींवर किती ताण येतो, ह्यावर त्या आठ वर्षं पीएच.डी. करत होत्या. हातानं करून करून थकल्या होत्या; यंत्राची त्या माझ्यापेक्षाही जास्त वाट बघत होत्या.

"अहो, ऐका," त्या म्हणाल्या, "एकट्याची सिस्टीम घ्या. माझं गणित मोठं आहे. त्याला सलग यंत्र लागेल. विद्यापीठानं मला एकदा मुदत वाढवून दिली आहे. आता ऑगस्टमध्ये प्रबंध दिला नाही तर नावच रद्द होईल. आठ वर्षं पाण्यात जातील हो."

मी म्हणालो, विचार करतो. आणि विचार करायला रविवारी गावी गेलो.

आमच्या विहिरीचं इथं सांगायला हवं. विहीर तीन घरांची सामाईक. आठ दिवसांत आमच्या वाट्याला एक पाळी यायची, म्हणजे एक दिवस पाणी आमचं. वाटा सर्वांत लहान आमचा. उन्हाळ्यात पाळी येईतोवर ऊस पिवळा पडायचा आणि वडील बांधावर उभे राहून दुसऱ्याच्या पाटातलं पाणी बघत राहायचे. लहानपणी मला त्याचा फार राग यायचा. एकाचं शेत भरपूर भिजतंय आणि बाकीचे तोंडाकडे बघताहेत, ही मला जगातली सर्वांत वाईट व्यवस्था वाटायची. अजूनही वाटते.

वडलांना मी दोन्ही पद्धती सांगितल्या. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं.

"म्हंजे येक हीर एकट्याची, आन् येक चौघांची?"

"व्हय."

"आन् चौघांच्या हिरीत चारी जणांस्नी येकदमच पानी?"

"व्हय. थोडं थोडं, पर समद्यास्नी."

"मग इचारायला कशाला आलास रं? असली हीर मिळाली असती तर म्या दुसऱ्याच्या पाटाकडं कशाला बघितलं असतं?"

झालं. सोमवारी मी इंजिनिअरला ऐटीत सांगितलं, चौघांची टाका. बाईंना सांगताना मात्र ऐट जरा कमी होती. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचं म्हणणं चुकीचं नाही. पोरांनाही मिळायला पाहिजे." आणि चष्मा पुसत निघून गेल्या. त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तीन टर्मिनल्स शेवटच्या वर्षाच्या बारा विद्यार्थ्यांना दिली, चौघांचा एक गट. चौथं बाईंना. ही चार बाहेरच्या खोलीत; आतल्या खोलीत यंत्राजवळ, ते चालू-बंद करायला, माझं एक वेगळं होतं. विद्यार्थ्यांना सिस्टीम शिकवायचं काम माझं. इंजिनिअर जाताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक देऊन गेला होता. ते मी रोज रात्री खोलीवर वाचायचो आणि सकाळी त्यातलं जे समजलं असं वाटायचं ते शिकवायचो. पुस्तकात एके ठिकाणी लिहिलं होतं की, एखाद्या टर्मिनलवर काही हालचाल नसेल तर यंत्र त्याचं काम बाजूला काढून ठेवतं आणि जागा दुसऱ्याला देतं. वाचलं आणि माझ्या अंगावर काटा आला. हे मला पुस्तकातून शिकायची गरजच नव्हती. पाळीच्या दिवशी पाटावर माणूस उभा नसेल तर काय होतं, हे मी लहानपणापासून बघत होतो. चहा प्यायला घरी जावं, तेवढ्यात कुणीतरी वरच्या अंगाला पाटाचं दारं फोडून पाणी आपल्याकडं वळवलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी ठासून सांगितलं, "काम असो नसो, दर मिनिटाला रिटर्नचं बटण दाबायचं. आपण जागे आहोत हे यंत्राला कळलं पाहिजे. नाहीतर तुमचं पाणी दुसऱ्याच्या शेतात गेलंच म्हणून समजा."

बारातली दहा पोरं शेतकऱ्यांची. त्यांना हे जितकं पटलं तितकं माझं दुसरं काहीही पटलं नसेल. रिटर्न दाबलं की यंत्र नव्या ओळीवर एक चांदणी छापायचं, म्हणजे 'बोला, काय काम आहे?' ती चांदणी उमटली की पोरं खूश. प्रत्येक गटानं एकेक जण राखणीला नेमला. बाकीचे तिघं कागदावर गणित मांडायचे आणि राखणीवाला नुसता बटण दाबत बसायचा. एक जण तर घड्याळच घेऊन आला. आठवडाभरात मिनिटाची पंधरा सेकंदं झाली, कारण शेजारचा गट जास्त वेळा दाबतोय असा प्रत्येकाला संशय. सबंध खोलीत खडखड, खडखड, आणि कागदावर चांदण्यांच्या रांगाच रांगा. मला वाटायचं, काय जोरात काम चाललंय!

बाईंचं काम मात्र चालत नव्हतं. त्यांच्या गणिताचे वीस टप्पे होते. यंत्र एक टप्पा संपला की आकडे टेपवर लिहून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी तिथून पुढं जाता यायचं. संध्याकाळी सहाला यंत्र बंद करायचा नियम होता. प्रोग्राम लिहून, चुका काढून प्रत्यक्ष गणित सुरू झाल्यावर अकरा दिवसांत त्यांचे सहा टप्पे झाले. त्या रोज सकाळी येऊन टर्मिनलसमोर बसायच्या, तास घेऊन परत यायच्या, कागद बघायच्या. तो कोराच असायचा. मीच त्यांना सांगितलं होतं की बाई, तुम्हीही दाबत जा. त्या म्हणाल्या, "मला तास असतात. बटण कोण दाबेल?" मग शिपायाला सांगून बघितलं. त्यानं स्वच्छ सांगितलं की आपण फौजेत रायफलचं बटण दाबलंय, असली फालतू बटणं दाबणार नाही.

प्रबंधाची शेवटची तारीख सोमवारची होती. त्याआधी टायपिस्ट आणि बाइंडर ह्यांना शनिवार-रविवार लागणार. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आकडे हातात पाहिजेत. मंगळवारी संध्याकाळी बाईंनी कागदावर हिशेब मांडला आणि माझ्यासमोर ठेवला. चौदा टप्पे राहिले होते. आमच्या चालीनं त्याला पंचवीस दिवस लागणार होते. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "साताऱ्याला सांगायला हवं घरी." मी चौघांचं भलं करायला निघालो होतो आणि चौथ्या माणसाला बुडवत होतो.

बुधवारी नागपंचमी. बारा पोरं सकाळच्या एस.टी.नं शिराळ्याला पळाली. नागांची मिरवणूक सोडून कॉम्प्युटरसमोर बसायला कोण येणार? कॉलेजला सुट्टी होती, पण मी लाजेकाजेस्तव यंत्र उघडलं. बाई आल्या, गणित चालू करून दिलं आणि वाचत बसल्या. खोलीत इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकत होतो. साडेनऊला बाईंच्या टर्मिनलनं एकदम खडखड केली. सातवा टप्पा. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पावणेअकराला आठवा. संध्याकाळी सहाला यंत्र बंद करताना तेरा टप्पे पुरे झाले होते.

शिपाई म्हणाला, "नागोबा पावला, सायेब."

माझा नागोबावर राग नाही, पण मला काही ते पटेना. खोलीवर जाऊन पुस्तक काढलं आणि तेच पान पुन्हा वाचलं, ह्या वेळी पुढचंही वाचलं. पुढं लिहिलं होतं की, माणूस बटण दाबून वाट बघत असेल तर यंत्र आधी त्याला उत्तर देतं. लांबचं गणित चालू असेल तर ते उचलून डिस्कवर ठेवतं, बटणवाल्याचं बघतं, आणि मग गणित परत आणून पुढं चालू करतं. ही उचलठेव यंत्राला भारी पडते. बाजूला काढून ठेवलेलं काम कुठंही जात नाही, कुणी पळवत नाही. आपण हात लावला की परत येतं. म्हणजे माझी राखणीची पोरं दर पंधरा सेकंदांनी तीन बाजूंनी यंत्राला हाका मारत होती. यंत्र बिचारं दर वेळी बाईंचा पूल खाली ठेवून 'बोला, काय काम आहे?' म्हणत होतं, आणि काम कुणाचंच काही नव्हतं. सिस्टीम चांगली होती. तिला मी विहीर समजलो, हा घोटाळा.

गुरुवारी आमच्याकडे वीज बंद असायची. तो सबंध दिवस मी शुक्रवारी काय बोलायचं ह्याची तालीम करण्यात घालवला. शनिवारी त्या बारा जणांच्या प्रोजेक्टची पहिली तपासणी होती. त्यांनाही शुक्रवार हवाच होता.

शुक्रवारी आठला सगळे जमले. मी तालीम केलेलं सगळं विसरलो आणि म्हणालो, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं."

मग सगळं सांगितलं. बाईंचं सोमवारचंही सांगितलं. घड्याळ आणणारा म्हणाला, "म्हंजे सर, आमी दीड म्हैना बटान दाबलं ते उगंच व्हय?"

"उगंच नव्हे. उलटं."

एक जण हसला, मग सगळेच हसले. मला वाटतं, मास्तर चुकतो हे बघायला मिळाल्याचा आनंद मोठा होता. पण मग दुसऱ्यानं मुद्द्याचं विचारलं, "आन् आमचं उद्याचं, सर?"

ते सगळे बाहेर व्हरांड्यात गेले. दहा मिनिटं कुजबुज चालली. बाई खिडकीकडं तोंड करून उभ्या होत्या. पोरं परत आत आली आणि आपापल्या टर्मिनलसमोर जाऊन बसली. मला वाटलं, आता पुन्हा खडखड सुरू.

"आमी हात लावत न्हाई," घड्याळवाला म्हणाला. "पर खुर्ची सोडायला सांगू नका. ते जमायचं न्हाई."

आणि ती बारा पोरं सकाळी सव्वाआठपासून तशीच बसली. सव्वाआठ ते संध्याकाळ! पहिला तास ठीक गेला. मग हात वळवळायला लागले. कुणी हात मांडीखाली दाबून बसला, कुणी खिशात घातले. एका गटानं बटणांवर रुमाल अंथरून चारी बाजूंनी बांधला. जेवायला पाळीपाळीनं गेले, प्रत्येक टर्मिनलवर एक जण ठेवून. शेजाऱ्यानं दाबू नये म्हणून शेजाऱ्यावर नजर होतीच. मी आतल्या खोलीत, यंत्राजवळच्या माझ्या टर्मिनलसमोर बसलो होतो. टप्पा संपला की बाईंच्या कागदावर खडखड व्हायची आणि बारा माना एकदम वळायच्या. सतरावा टप्पा फार वेळ संपेना, तेव्हा घड्याळवाला पुटपुटला, "बंद पडलं काय वो, बाई?" बाई म्हणाल्या, "थांब रे बाळा." आणि आपल्या टर्मिनलवर वाकल्या.

विसावा टप्पा पावणेसहाला संपला. टर्मिनलनं आकड्यांचा पान-दीड पान मजकूर छापला आणि थांबलं. बाईंनी कागद फाडून घेतला, उभ्यानंच वाचला, आणि खुर्चीत बसून चष्मा काढून डोळे पुसले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एवढे तास दाबून ठेवलेले हात होते ते. शिपाई स्टुलावरून दचकून उठला.

शनिवारी पोरांची तपासणी दुपारी होती. सकाळी आठला त्यांनी काम सुरू केलं, आणि कुणीच उगाच बटण दाबत नसल्यानं तिन्ही गटांचं सारं साडेदहाला आटोपलं. दीड महिन्यात जे झालं नव्हतं ते अडीच तासांत. मी कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.

सात-आठ महिन्यांनी बाई साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा पुडा आणि काळ्या कापडी बांधणीचा प्रबंध घेऊन आल्या. डॉक्टर झाल्या होत्या. मी अभिनंदन केलं, पेढा खाल्ला, आणि माणसाचा स्वभाव जातो कुठं, आधी आभाराचं पान उघडलं. मार्गदर्शकांचे आभार. सासूबाईंचे आभार. मग त्या बारा पोरांची नावं, एकाखाली एक, आणि पुढं ओळ होती: ह्यांनी माझ्यासाठी एक संपूर्ण दिवस काहीही केलं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पान उलटून मागं बघितलं. माझं नाव कुठंच नव्हतं.

वाईट वाटलं, आणि ते चेहऱ्यावर दिसलं असणार. चूक माझी, मान्य. पण कबूल करायला सगळ्यांसमोर उभाही मीच राहिलो होतो.

"त्यात फक्त न दाबणाऱ्यांची नावं आहेत," बाई म्हणाल्या. "सतराव्या टप्प्याला आतल्या खोलीतनं खडखड आली. चांदणीची. तीन वेळा. मी मोजत होते."

खरं होतं. यंत्र जिवंत आहे की नाही, हे बघितल्याशिवाय मला राहवलं नव्हतं. माझे कान तापले. मी म्हणालो, "बाई, मला धीर निघाला नाही हो."

"मला तरी कुठं निघाला?" त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्यापुढं सरकवला. "तीनदा तुम्ही दाबलंत, दोनदा मी."